तानोआचा धाकटा भाऊ

मी फळा बोलतोय. आधी शाळेतला, मग ओसरीवरचा, आणि आता जेवणघरातला. जन्मभर माझ्या अंगावर अक्षरं लिहिली गेली, पण मला वाचता येत नाही. हसू नका. तुमच्या कपाळावर कुणी काही लिहिलं, तर तुम्हाला तरी ते वाचता येईल का? मला कळायचा तो खडूचा स्पर्श, आणि मग समोरच्यांनी मोठ्यानं म्हटलेलं कानावर पडायचं. तेवढंच माझं शिक्षण. म्हणून जे सांगेन ते सावकाश सांगेन, आणि मला समजलं तेवढंच सांगेन.

गोष्ट हेव्याची आहे. दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच.

फिजीच्या पूर्वेकडच्या एका लहान बेटावर, नाकोरोवाई गावामागच्या टेकाडावर, मी वेसीचं झाड होतो. वेसी म्हणजे लाकडांत लाकूड. पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडतं. गावचा सुतार वांगा एक दिवस कुऱ्हाड घेऊन आला, त्यानं खोडावर हात फिरवला आणि म्हणाला, "हा तानोआ आहे. आत बसलाय. मला फक्त बाहेर काढायचाय."

ते ऐकून माझ्या सगळ्या अंगात आनंद भरला. तानोआ म्हणजे आमच्याकडचं मोठं पसरट लाकडी भांडं, एका अखंड ओंडक्यातून पायांसकट कोरून काढलेलं. यंगोना नावाच्या झुडपाची मुळं कुटून त्यात पाण्यात कालवतात आणि सगळी मंडळी भोवती मांडी घालून बसून करवंटीनं पितात. लग्न असो, मयत असो, भांडण मिटवायचं असो, तानोआवाचून काही हलत नाही.

पण खोड लांब होतं. बुंध्याच्या जाड भागातून वांगानं तानोआ काढला आणि वर उरलो तो मी. महिनाभर तसाच पडून होतो. मग शाळेचे मास्तर एमोसी आले. ते वांगाचे मेव्हणे. वांगाची बहीण त्यांना दिलेली. त्यांनी उरलेल्या लाकडाच्या दोन फळ्या मागितल्या, शेजारी शेजारी जोडल्या, आणि बॅटरीच्या जुन्या सेलांमधली काळी पूड गोंदात कालवून मला फासली. मधला सांधा भांग पाडल्यासारखा आजही दिसतो म्हणतात.

असे आम्ही दोघं एका खोडाचे भाऊ. थोरला तानोआ झाला, धाकटा फळा.

तीस वर्षं मी शाळेत काढली. मग शाळेला पांढरा गुळगुळीत फळा आला, मास्तरांची नोकरीही त्याच वर्षी संपली. मला शाळेमागच्या छपरात टाकलं होतं. मास्तरांनी मला मागून घेतलं, दोघा जणांच्या खांद्यावरून घरी आणलं आणि ओसरीच्या भिंतीवर टांगलं. मला वाटलं, चला, म्हातारपण सुखात जाईल.

आणि समोर पाहिलं तर चटईच्या बरोबर मध्ये माझा भाऊ बसलेला.

मास्तर कुळात वडीलधारे, म्हणून कुळाचा तानोआ त्यांच्याच ओसरीवर असायचा. त्याच्या गळ्यात काथ्याची वेणी, वेणीच्या टोकाला पांढऱ्या कवड्या. त्याच्यासमोरून कुणी ताठ जायचं नाही, कमरेत वाकून, माफी मागत जायचं. करवंटी भरली की तळवे खोलगट करून टाळ्या. आणि स्तुती तर विचारू नका. "काय गुळगुळीत अंग आहे!" "यंगोनाचा राप कसा चढलाय बघा, निळसर!" "वांगा, असा तानोआ पुन्हा व्हायचा नाही रे."

आणि मी? शाळेत माझ्या तोंडावरून दिवसातून दहा वेळा ओलं फडकं फिरायचं. ओसरीवर माणसं माझ्याकडे पाठ करून बसायची, माझ्या कडेला पावसात भिजलेल्या टोप्या अडकवायची. आणि इतक्या वर्षांत एकानंही, अगदी एकानंही, माझ्याबद्दल चांगला शब्द काढला नाही. मी मोजत होतो म्हणून सांगतो. एकच खोड, एकच डोंगर, एकच कुऱ्हाड. मग त्याला टाळ्या आणि मला फडकं का? लाकूड आतून कुढतं तेव्हा त्याला चिरा पडतात. मला सांध्याजवळ एक पडली. सगळे म्हणाले, हवेमुळे.

मग एका वर्षीच्या वादळात मास्तरांच्या बहिणीचं, लिटियाचं, घर गेलं. नुसतं छप्पर नाही, भिंतीसुद्धा. ती आणि तिची विधवा लेक विनियाना मास्तरांकडे राहायला आल्या. विनियाना अंगानं धिप्पाड, बोलायला मऊ. तेवढ्यात कळलं की ऑस्ट्रेलियातल्या एका वृद्धांच्या आश्रमाला बायका हव्यात, आमच्या बेटावरून एकच घेणार, आणि तिथली बाई स्वतः बोटीनं येऊन एकेकीशी बोलून पारखणार. चार जणींनी नावं दिली. विनियानाला ती नोकरी मिळाली तर आईचं घर पुन्हा उभं राहणार होतं. नाहीतर मामाच्या ओसरीवर चटई टाकून दिवस काढायचे.

"मामा, माझं इंग्रजी म्हणजे एका टोपलीत सगळे मासे," ती म्हणाली. "सारखे दिसणारे शब्द मी वेगळे करू शकत नाही. एक म्हणायला जाते, दुसराच हाताला लागतो."

"मग टोपली उपडी करू," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खडू घेतला.

किती दिवसांनी माझ्या अंगावर खडू चालला! रोज दुपारी, कसावा उकडायला ठेवून ती माझ्यासमोर बसायची. वांगा लिंबाच्या पानांचा चहा प्यायला म्हणून यायचा आणि मध्ये मध्ये नाक खुपसायचा. मास्तर माझ्या मधल्या सांध्याच्या अलीकडे एक शब्द लिहायचे, पलीकडे दुसरा.

"हिअर आणि लिसन," मास्तर म्हणाले. "दोन्ही कानाचेच. पण बघ, तू इथे बसलीस आणि समुद्राचा आवाज येतोय. तू काही केलं नाहीस, तो आपोआप आला. ते हिअर. आणि ज्या दिवशी बोट यायची असते त्या दिवशी तू हातातलं काम टाकून, मान वाकडी करून, इंजिनाकडे कान देऊन बसतेस ना? ते लिसन."

"म्हणजे माझी बायको मला हिअर करते," वांगा म्हणाला, "लिसन कधी केलं नाही."

"आणि तू तिला दोन्ही करत नाहीस," विनियाना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लेंड आणि बॉरो. एकात आपण वस्तू दुसऱ्याला वापरायला देतो, दुसऱ्यात आपण दुसऱ्याची आणतो, आणि दोन्हींत ती परत जायची असते. विनियानाला हे काही केल्या पचेना.

"परत? मामा, दिलेली वस्तू परत कशी मागायची?"

"त्यांच्यात मागतात, बाई."

"मग देतात तरी कशाला!"

तिचं खरं होतं. आमच्याकडे आपल्या माणसानं काही मागितलं की नाही म्हणत नाहीत. आणि मागायला तोंडच उघडावं लागतं असंही नाही. घरधन्यासमोर त्याच्या वस्तूची स्तुती केली, तरी ते मागणंच झालं. एकदा पाहुण्यानं मास्तरांच्या कोयत्याला चांगली धार आहे म्हटलं, आणि संध्याकाळी कोयता पाहुण्याबरोबर गेला. वांगाचा निळ्या फुलांचा सदरा असाच पलीकडच्या गावी पोचला. म्हणून शहाणी माणसं दुसऱ्याच्या घरी जिभेला आवर घालतात.

हे सगळं मला माहीत होतं. जन्मभर ऐकत होतो. पण माहीत असणं आणि डोक्यात शिरणं यांतही फरक असतोच की.

मग एक दिवस मास्तरांनी लिहिलं, एन्व्ही आणि जेलसी.

"दोन्ही म्हणजे जळणं," विनियाना म्हणाली. "मग दोन शब्द कशाला?"

मास्तर विचार करत होते, तेवढ्यात वांगा पुढे सरकला. वांगाचे केस म्हणजे गावाची शोभा, डोक्यावर भलामोठा गोल डोलारा. आणि मास्तरांच्या डोक्यावर विमान उतरेल अशी जागा.

"मी सांगतो. माझ्या केसांकडे बघून तुझ्या मामाच्या टकलाला जे होतं ना, ते एन्व्ही. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे आहे, आणि त्याला हवंय."

"आणि जेलसी?" मास्तरांनी विचारलं. ते हसत होते.

"माझी बहीण जिवंत होती तेव्हा कुणी परका तिच्याशी दोन शब्द जास्त बोलला की हा मेव्हणा उगाच दारात येऊन उभा राहायचा. हातात झाडू घेऊन! जन्मात कधी झाडलं नाही यानं. ती ह्याचीच होती, पण दुसरा कुणी नेईल ही धास्ती. ते जेलसी."

मास्तरांचं हसू हळूहळू ओसरलं. "बरोबर सांगितलंस, वांगा. एकात दुसऱ्याच्या ताटातलं आपल्याला हवं असतं. दुसऱ्यात आपल्या ताटातलं जाईल म्हणून जीव खालीवर होतो. दोघांवर औषध निराळं, म्हणून शब्द निराळे."

मी गप्प टांगलेला. मनात म्हटलं, माझ्या दुखण्याला नाव मिळालं. माझं ते एन्व्ही. टाळ्या त्याच्या, हव्यात मला.

बोट आली. मिसेस कॅल्डर नावाची ती बाई साठीची, उन्हानं लाल झालेली, मोठी टोपी घातलेली. चौघींशी तिनं चार घरी जाऊन बोलायचं ठरवलं होतं. विनियानाचा नंबर शेवटचा, आमच्या ओसरीवर. चटईवर नवी चटई अंथरली होती. मास्तर, वांगा आणि लिटिया एका बाजूला. मिसेस कॅल्डर वाकून, माफी मागत तानोआसमोरून गेली. तिला कुणीतरी शिकवलं होतं. माझ्याखालून गेली तेव्हा ती वाकली नाही.

बरेच प्रश्न झाले. विनियाना थांबत थांबत, पण बरोबर बोलत होती. मग बाई म्हणाली, "आमच्याकडे एक आजी आहेत. शेजारच्या खोलीतल्या आजींना भेटायला लेक आली की या ओरडतात, दार आपटतात. तू काय करशील?"

लिटियाची बोटं चटईच्या काठावर घट्ट झाली. मग विनियानानं नजर वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या मधल्या सांध्याकडे. माझ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, अंग पुसून स्वच्छ केलं होतं. तरी तिनं वाचलं.

"मी आधी विचारीन, त्यांना भेटायला कुणी येतं का," ती म्हणाली. "कुणीच येत नसेल, तर ते एन्व्ही. मग मी रोज त्यांच्याकडे जाऊन बसेन, म्हणजे त्यांनाही पाहुणा आला. पण ती शेजारची लेक यांच्याशीही प्रेमानं बोलायची आणि आता बोलत नाही, असं असेल, तर ते जेलसी. मग मी त्या लेकीला सांगेन, जाताना यांच्या दारातही एक मिनिट थांब. ओरडणं एकच आहे, बाई. दुखणं दोन आहेत."

मिसेस कॅल्डरनं पेन खाली ठेवलं.

"हे तू कुठे शिकलीस?"

विनियानानं हनुवटीनं मला दाखवलं.

बाई उठली. माझ्याजवळ आली. आणि तिनं माझ्या अंगावरून हात फिरवला, वांगानं झाडावर फिरवला होता तसा. "किती सुंदर फळा आहे हा," ती म्हणाली. "लाकूड तरी केवढं देखणं! असा फळा मी कुठेच पाहिला नाही."

माझ्या आयुष्यातली पहिली स्तुती! खरं सांगतो, मी त्या क्षणी खाली बसलेल्या भावाकडे पाहिलं. ऐकलंस? आहे का रे टाळी माझ्यासाठी?

लिटियानं मान खाली घातली. वांगानं डोळे मिटले. मला कळेना, यांना झालंय काय.

मास्तर हळूच उठले, गुडघ्यावर हात टेकून. "तो तुमचा आहे," ते म्हणाले.

"अय्या, नको नको!" बाई म्हणाली आणि मास्तरांचा चेहरा पाहून थांबली. तिला वाटलं, नाही म्हटलं तर म्हाताऱ्याला वाईट वाटेल. तेवढं तिला कळलं. बाकीचं नाही. मग ती विनियानाकडे वळून हसली. "बरं, मग माझ्याबरोबर नाही. तू येशील तेव्हा घेऊन ये. आमच्या जेवणघरात लावू."

एका वाक्यात नोकरी मिळाली आणि मी गेलो.

लिटिया रडायला लागली, आनंदानं. विनियाना मात्र उठून उभी राहिली. ती काय बोलणार होती ते मला आज कळतं. ती म्हणणार होती, बाई, तुम्ही फक्त कौतुक केलंत, आमच्याकडे ते मागणं होतं, सोडा त्याला. तिनं तोंड उघडलंसुद्धा. हातातली नोकरी, आईचं घर, सगळं पणाला लावून.

"विनियाना," मास्तर आमच्या भाषेत म्हणाले, "दिलेलं दिलं. बस खाली."

मग त्यांनी तळवे खोलगट केले आणि टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. वांगानं वाजवल्या, लिटियानं वाजवल्या. मी ज्यासाठी इतकी वर्षं कुढलो, ते सगळं एका दुपारी माझ्या पदरात पडलं.

बाई गेल्यावर वांगा मास्तरांवर उखडला. "इतकी वर्षं आम्ही सगळं गाव गप्प बसलो, मेव्हण्या! ह्या फळ्यासारखा फळा दहा बेटांत नाही, मला माहीत नाही? मी कापलाय तो! पण कधी एक चांगला शब्द काढला नाही. काढला असता तर तू तेव्हाच उतरवून दिला असतास. ह्या फळ्यावाचून तुझा दिवस जात नाही, म्हणून सगळ्यांनी जीभ चावली. आणि ती बाई आली न्‌ एका वाक्यात..."

"तिला कुठे ठाऊक होतं," मास्तर म्हणाले.

"मग तानोआची स्तुती का करता इतकी?" विनियानानं विचारलं. बरं झालं तिनं विचारलं. मला विचारता येत नव्हतं.

"तानोआ सगळ्या कुळाचा. तो कुणी मागू शकत नाही, कुणी देऊ शकत नाही. त्याला कितीही चांगलं म्हण, कुणाचं काही जात नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. माझ्याबद्दल कुणी बोलत नव्हतं ते मी कुणाला नको होतो म्हणून नाही. कुणालाच मला मास्तरांपासून तोडायचं नव्हतं म्हणून. ते गप्प राहणं हीच माझी टाळी होती, आणि मी बहिऱ्यासारखा टांगलेलो. हिअर केलं, लिसन केलं नाही.

जायच्या दिवशी मास्तरांनी मला स्वतः पुसलं. कोरड्या फडक्यानं, कोपऱ्यांतून सुद्धा. काही लिहिलं नाही. विमानतळावर खाकी कपड्यातल्या माणसांनी मला कीड आहे का म्हणून ठोकून पाहिलं, फवारलं, माझ्यावर चिठ्ठी चिकटवली. माझ्या चिरेत त्यांना काहीच सापडलं नाही. तिथे काय होतं ते ठोकून कळत नसावं.

आता मी क्वीन्सलँडमधल्या एका लहान गावात, आश्रमाच्या जेवणघरात आहे. रोज सकाळी विनियाना माझ्यावर वार लिहिते, हवा कशी आहे ते लिहिते, जेवणात काय आहे ते लिहिते. म्हातारी माणसं वाचतात आणि पाच मिनिटांत विसरतात, म्हणून मी दिवसभर कामाला असतो. त्या दार आपटणाऱ्या आजी जेवताना माझ्यासमोरच बसतात. विनियाना रोज त्यांच्याजवळ खुर्ची ओढते. त्या आता दार आपटत नाहीत. इथे सगळे मला छान म्हणतात. येता-जाता म्हणतात. इथे म्हटल्यानं कुणाचं काही जात नाही.

आणि तरी मी जळतो. पण आता निराळं. मास्तर माझे होते, आणि रोज दुपारी ते एकटे ओसरीवर बसत असतील आणि समोर माझा भाऊ असेल. त्याला पुसत असतील. त्याच्याशी बोलत असतील. बघता बघता माझ्या जागी दुसरं काही येईल, चर्चचं कॅलेंडर, एखादा आरसा. वांगाच्या शिकवणीप्रमाणे हे जेलसी. एन्व्ही बरं होतं. त्यात निदान माझं काही जाणार नव्हतं.

विनियानानं एकदा मिसेस कॅल्डरला सगळं सांगितलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी परत पाठवते, आजच!" म्हणाली. विनियानानं फोन लावला, लिटियानं तिकडे तो मास्तरांसमोर धरला. मास्तर म्हणाले, "बाईंना सांग, लेंड नव्हता केला. दिला होता."

मग विनियानानं फोन माझ्याकडे वळवला, मास्तरांना मी दिसावा म्हणून. फोनच्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा चौकोनात मी पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं. काळं, मधे भांग, अंगभर पांढरी अक्षरं. वाचता आली नाहीत. पण बाई खोटं बोलली नव्हती, देखणा आहे मी.

मोठ्या चौकोनात मास्तर होते. वाळलेले. चष्मा कपाळावर. पुढ्यात माझा भाऊ, गळ्यात कवड्या. आणि मास्तरांच्या मागे, उन्हानं काळवंडलेल्या भिंतीवर, एक लांबट चौकोन, बाकीच्या भिंतीहून उजळ. माझ्या मापाचा. त्यावर काही टांगलेलं नव्हतं.

"अजून तसाच ठेवलाय तो," वांगाचा आवाज आला. तो चौकटीबाहेर कुठेतरी चहा पीत असणार. "मी म्हटलं, कॅलेंडर देतो, खिळाही आहेच. तर म्हणतो, नको, ती जागा रिकामी नाही. म्हातारपणात डोकं फिरलंय मेव्हण्याचं. विनियाना, तू तरी सांग याला."

मास्तर जवळ सरकले, डोळे बारीक करून माझ्या अंगावरचं वाचायला लागले. वार वाचला. हवा वाचली. मग म्हणाले, "अक्षर सुधार गं, उतरतं आहे. आणि सांध्यावर लिहू नकोस. खडू अडकतो तिथे, त्याला दुखतं."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गप्प बसत असेल, तर तेवढ्यावरून त्याचं मन वाचू नका. मी वाचलं होतं. मला वाचता येत नसताना.

फोन बंद झाला. विनियानानं फडकं घेतलं आणि सांध्याजवळचा खडू अलगद काढला. मग ती त्या आजींना म्हणाली, "चला, आज मासे आहेत."